वाचकांचे प्रश्न : नळी आणि लघवीचा संसर्ग

प्रश्न : सासरे ७२ वर्षांचे. अर्धांगवायूनंतर लघवीची नळी कायमचीच आहे. रुग्णालयातून घरी आणल्यावर कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) ई. कोलाय हा जंतू निघाला. ताप नाही, पण लघवी गढूळ असते, वासही येतो. लगेच अँटिबायोटिक द्यावे का? शिवाय नळी दहा-बारा दिवसांतच तुंबते.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताप नसेल तर देऊ नका. नळी महिनाभर राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. नळीच्या आत त्यांचा चिकट थर बसतो, तिथे औषध नीट पोचत नाही. मरतात ते साधे जंतू, उरतात ते चिवट. गढूळपणा आणि वास एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. खरे तर लक्षण नसताना कल्चर करायलाच नको होते.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणे, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बडबड, यांपैकी काही दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी बदलून घ्या आणि नमुना नव्या नळीतून द्या. युरोबॅगमधली, म्हणजे नळीला जोडलेल्या पिशवीतली, लघवी तपासायला कधीच देऊ नये. तिथे जंतू तासन्‌तास वाढलेले असतात.

तुंबण्यामागे बहुधा प्रोटियस हा जंतू असतो. तो युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार नळीत साचतात. पुढच्या वेळी काढलेल्या नळीचे टोक हातमोजे घालून बोटांत चोळायला सांगा. रेतीसारखे कण लागले तर कारण हेच. मग एक सोनोग्राफी करून मूत्राशयात खडा नाही ना, ते पाहा. दहाव्या दिवशी तुंबत असेल तर आठव्याला बदला. पूर्ण सिलिकॉनची नळी बरी, तिचा आतला मार्ग रुंद असतो. नळीला मूत्राशयात धरून ठेवणारा फुगा निर्जंतुक पाण्यानेच भरावा, सलाइनने नको. बद्धकोष्ठानेही नळी दबते, हे सहसा कुणी विचारतच नाही.

नागपूरच्या मे महिन्यात कूलरपुढे बसूनही लघवी घट्ट होते. ती फिकट राहील इतके पाणी द्या, लिंबूपाणीही चालेल; हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा. पिशवी कमरेखाली, पण जमिनीला न टेकता टांगा. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा. तोटी भांड्याला लागू देऊ नका. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा. स्वच्छतेला रोज साबण-पाणी पुरते. डेटॉल, बीटाडीन लावू नका.

आणि नळी अजून लागतेच का, हेही पुढच्या भेटीत विचारा.