पीपीटी शिकायची, पण सुरू कुठून करू?

या महिन्याच्या टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रश्नांत निम्मे प्रश्न पीपीटीचेच, म्हणजे पॉवरपॉइंटमधे स्लाइड करून पडद्यावर दाखवण्याचेच, निघाले, म्हणून बाकीचे सगळे पुढच्या अंकाला ठेवून यावेळी फक्त तेवढंच घेतलंय.

प्रश्न: सर नमस्कार. औसा तालुक्यात आमचा १२ बायकांचा बचत गट हाय, तुरीची डाळ करून पाकिटं विकतो. पुढच्या महिन्यात लातूरला बँकेच्या साहेबांपुढं गटाची माहिती सांगायचीय, दहा मिनिटं देणार म्हणलेत आणि पीपीटी घेऊन या म्हणलेत. लई वर्षामागं एमएससीआयटी केली होती, आता काहीच आठवत नाही. पोरगा म्हणतो मी करून देतो, पण त्याला डाळीतलं कळत नाही अन् मला कॉम्प्युटरमधलं. मला स्वतःलाच शिकायचंय. सुरू कुठून करू?
— एक वाचक भगिनी, औसा तालुका

उत्तर: ताई, स्वतःलाच शिकायचंय म्हणालात ते वाचून फार बरं वाटलं. पोराला शेजारी बसवा, अडलं की विचारा, पण माउस तुमच्याच हातात राहू द्या, कारण बँकेत उभं तुम्हाला राहायचंय आणि साहेबांनी मधेच "मागची स्लाइड दाखवा" म्हटलं तर पोरगा तिथं नसणार.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच नका. वहीचं एक पान घ्या, त्यावर आठ चौकोन काढा आणि प्रत्येक चौकोनात एकच वाक्य लिहा, घरी जाताना साहेबांच्या डोक्यात राहिलं पाहिजे असं. पहिल्यात गट कोणाचा आणि कुठला, दुसऱ्यात तूर कोणाकडून घेता, तिसऱ्यात डाळ कशी करता, मग महिन्याला किती पाकिटं जातात, अडचण काय आहे, पैसे किती पाहिजेत, ते कशात घालणार, फेडणार कसे. झाले आठ. हे आठ चौकोन म्हणजेच तुमची पीपीटी, कॉम्प्युटरवर फक्त ती उतरवून घ्यायचीय. माझ्या क्लासला येणारी बहुतेक मंडळी इथंच चुकतात, आधी रंग आणि डिझाइन बघत बसतात आणि दोन तासांनी बघावं तर स्लाइडवर नुसतं "धन्यवाद" लिहिलेलं असतं.

आता लॅपटॉप. पॉवरपॉइंट उघडलं की ब्लँक प्रेझेंटेशन घ्या. पहिल्या स्लाइडवर दोन चौकटी दिसतील, मोठीत गटाचं नाव, छोटीत गाव आणि तारीख. नवीन स्लाइड पाहिजे तर कंट्रोल धरून एम दाबा, किंवा होम टॅबमधे न्यू स्लाइडच्या खाली छोटा बाण आहे तो दाबला की लेआउट दिसतात, म्हणजे कशात नुसतं शीर्षक, कशात शीर्षक आणि खाली मजकूर, कशात एका बाजूला फोटो. तयार चौकटीतच लिहायची सवय लावा, दरवेळी वेगळा टेक्स्ट बॉक्स ओढत बसू नका, कारण पुढं सगळ्या स्लाइडचा फॉन्ट, म्हणजे अक्षराचं वळण, एकदम बदलायचा झाला तर तयार चौकटीतला मजकूर आपोआप बदलतो आणि टेक्स्ट बॉक्सचं मात्र कुठं अक्षर मोठं, कुठं शीर्षक सरकलेलं असं होऊन बसतं. चुकलं तर कंट्रोल झेड, घाबरायचं काही कारण नाही.

फोटो टाकायला इन्सर्ट, मग पिक्चर्स. फोटो लहानमोठा करताना कोपरा धरून ओढा, मधली कड धरून ओढलात तर गटातल्या सगळ्या बायका एकतर चपट्या नाहीतर लांबट दिसतील. नेटवरचा गुळगुळीत फोटो अजिबात नको, तुमच्या स्वतःच्या भरड्याचा, वाळवणाचा, पाकिटं भरताना बसलेल्या बायकांचा फोटो टाका. मोबाइल आडवा धरून काढा, कारण स्लाइड आडवी असते, १६ रुंद आणि ९ उंच या मापात. मोबाइलचे फोटो जड असतात, दहा-बारा टाकले की फाइल फुगते आणि मेलला जात नाही, त्यासाठी फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमधलं कम्प्रेस पिक्चर्स वापरा.

विक्रीचे आकडे मात्र ओळीत लिहू नका, तक्ताही नको. इन्सर्टमधे चार्ट, त्यात कॉलम घ्या, एक्सेलसारखी छोटी शीट उघडते, तिच्यात सहा महिन्यांची नावं आणि पाकिटांची संख्या भरली की खांब उभे राहतात. वर शीर्षकात "विक्री" एवढंच लिहून भागत नाही, खांब बघून जे सांगायचंय तेच लिहा, "दिवाळीच्या महिन्यात सगळ्यात जास्त पाकिटं गेली" असं.

अक्षर किती मोठं? मजकूर २८ च्या खाली नको, शीर्षक ४० च्या आसपास. स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा आणि लॅपटॉपपासून दहा-बारा फूट लांब उभं राहून वाचून बघा. तिथून वाचायला डोळे बारीक करावे लागले तर अक्षर वाढवा, आणि वाढवल्यावर मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी करा, अक्षर नाही. जे काढून टाकाल ते वाया जात नाही, स्लाइडच्या खाली नोट्सची जागा असते तिथं टाका, ते पडद्यावर दिसत नाही.

दाखवायला एफ ५ दाबलं की पहिल्यापासून सुरू, शिफ्ट धरून एफ ५ दाबलं की उघडी असलेल्या स्लाइडपासून, बाहेर यायला एस्केप. साहेब मागची स्लाइड मागतील तेव्हा तिचा नंबर दाबून एंटर, म्हणजे ३ आणि एंटर की थेट तिसरी. आणि एक बटण माझ्या फार आवडीचं आहे, शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड परत. डाळीचं पाकीट हातात देऊन बोलायचं असेल तेव्हा बी दाबा, सगळे पडद्याकडं बघायचे थांबून तुमच्याकडं बघतात.

आदल्या दिवशी गटातल्या बायकांना समोर बसवून घड्याळ लावून एकदा बोलून बघा. आणि लाइटचा भरवसा धरू नका, प्रिंटमधे हँडआउट्स निवडून एका पानावर तीन स्लाइड छापून न्या. त्यात प्रत्येक स्लाइडच्या बाजूला रेघा येतात, साहेबांना त्यावर लिहिता येतं, आणि लाइट गेली तरी तुमचं बोलणं थांबत नाही.

प्रश्न: मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठीत छान पीपीटी केली, पण केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं. असं कामून होतंय?
— एक शिक्षक, जिल्हा परभणी

उत्तर: गुरुजी, माझ्यावर हीच वेळ आली होती. एका सभागृहात ऐंशीएक माणसं समोर बसलेली आणि पडद्यावर माझ्या पहिल्याच स्लाइडचा कचरा झालेला, मी वीस मिनिटं नुसता तोंडी बोललो आणि घरी येऊन आधी हे शोधलं.

तुमची फाइल बहुतेक कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधे आहे. अशा फॉन्टमधे कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, वरून फक्त मराठीचा साज चढवलेला असतो, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की साज उतरतो आणि आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमधे तसं नसतं, तिथं देवनागरी अक्षरांना स्वतःचे नंबर आहेत, म्हणून क हा कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर क च राहतो. मंगल, निर्मला यूआय हे फॉन्ट विंडोजमधेच येतात, मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी फुकट उतरवता येतात, हे सगळे युनिकोड. जुना मजकूर परत टाइप करायची गरज नाही, नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, फक्त रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला, तिथं चुका राहतात.

नवीन टाइप करायला विंडोज १० मधे, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून, मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं, सेटिंगमधे मराठी भाषा जोडायची आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलायचं. बाहेर फाइल नेताना फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं जाऊन एम्बेड फॉन्ट्सवर टिक करा म्हणजे फॉन्ट फाइलबरोबरच जातो, आणि त्याच पेनड्राइव्हमधे एक पीडीएफ पण ठेवाच. पीडीएफमधे अ‍ॅनिमेशन हलणार नाही, पण अक्षर मोडणार नाही.

प्रश्न: बीए दुसऱ्या वर्षाला आहे, अंबाजोगाई. इतिहासाच्या सेमिनारला मराठवाडा मुक्तिसंग्रामावर पीपीटी केली, ४२ स्लाइड झाल्यात आणि प्रत्येकीला वेगळं अ‍ॅनिमेशन दिलंय. मॅडम म्हणल्या पंधरा मिनिटांत बसव. काय काढू कळेना, सगळंच महत्त्वाचं वाटतंय.

उत्तर: विषय असा घेतलास की सगळं महत्त्वाचं वाटणारच बाळा. पण ऐकणाऱ्याचे डोळे एकाच वेळी वाचतात आणि कान ऐकतात असं होत नाही, तू अख्खा परिच्छेद पडद्यावर टाकलास की वर्ग तो वाचत बसतो आणि तुझं बोलणं वाऱ्यावर जातं. पंधरा मिनिटांना बारा-तेरा स्लाइड पुष्कळ झाल्या.

व्ह्यू टॅबमधे स्लाइड सॉर्टर उघड, ४२ च्या ४२ छोट्या होऊन एकदम समोर येतील. प्रत्येकीकडं बघून एका वाक्यात सांग की ही कशाला आहे, नाही सांगता आलं तर राइट क्लिक करून हाइड कर. डिलीट करू नको, मॅडमनी प्रश्न विचारला तर लपवलेली स्लाइड नंबर दाबून काढता येते.

शीर्षकं बदल. "प्रस्तावना", "पार्श्वभूमी" यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा "देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला" असं लिही, खाली नुसती आडवी रेघ आणि दोन तारखा, मधले १३ महिने तू तोंडानं सांग. तेवढी एक स्लाइड पंधरा ओळींचं काम करते.

नकाशा टाकलास तर जपून. नेटवर मिळतो तो आजच्या आठ जिल्ह्यांचा असतो, पण १९४८ ला निजामाच्या राज्यातल्या या भागात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. मुक्तिसंग्रामाच्या स्लाइडवर हिंगोली जिल्हा दाखवलास तर इतिहासाच्या वर्गात ते बरोबर नाही.

अ‍ॅनिमेशन सगळं काढ असं म्हणणार नाही. घटनाक्रम दाखवताना तारखा एकामागून एक याव्यात म्हणून अपीअर हे साधं अ‍ॅनिमेशन चालतं, त्याचा उपयोग आहे. अक्षरं गोल फिरत येणं मात्र ज्यांनी तुरुंग भोगला त्यांच्या फोटोशेजारी शोभत नाही. ट्रान्झिशन, म्हणजे एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा बदल, एकच घे, फेड, सगळ्या स्लाइडना.

पॉवरपॉइंट १९८७ ला पहिल्यांदा आलं तेव्हा ते मॅकिंटॉशवर काळंपांढरं होतं आणि मुख्य काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शक कागद छापायचं. त्या कागदावर काही हलायचं नाही, तरी त्यावर चांगली भाषणं व्हायची.

प्रश्न: लॅपटॉपच नाही, फक्त मोबाइल आहे. त्यावर पीपीटी शिकता येते का?
— वसमत

उत्तर: येते. गुगल स्लाइड्स फुकट आहे, जीमेल खातं असलं की झालं, केलेलं काम आपोआप सेव्ह होत राहतं. मोबाइलच्या जीबोर्ड या कीबोर्डमधे मराठी निवडून माइक दाबून बोललं तरी टाइप होतं, फक्त नंतर वाचून दुरुस्त करा. छोट्या स्क्रीनवर अक्षर मोठं वाटतं आणि प्रोजेक्टरवर ते बारीक निघतं, म्हणून अंदाजापेक्षा मोठंच ठेवा. तयार झाल्यावर पॉवरपॉइंटच्या स्वरूपात स्वतःला मेल करा आणि दाखवायच्या आदल्या दिवशी एखाद्या नेट कॅफेत जाऊन एकदा मोठ्या स्क्रीनवर उघडून बघा, सरकलेली चौकट तिथंच दुरुस्त होईल, पाच मिनिटांचं काम आहे.