डोळ्यांवर पट्टी बांधून कोणी लढत नाही

तुम्ही विचारलंय, ‘युद्धात माणसं मरणारच. मग वर्षभर मातीत राहिलेल्या मृतदेहांवरून युद्धगुन्हा झाला हे डॉक्टर कसं ठरवणार?’ मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न आला की मी स्रेब्रेनित्साबद्दल सांगते.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं हे गाव पडलं आणि बोस्नियन सर्ब सैन्याने ८,०००हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. यातले बरेच लढाईत पडले असतील, असं पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातल्या खटल्यात बचाव पक्ष म्हणत होता. पण १९९६ पासून सामूहिक कबरी उकरल्या गेल्या, तेव्हा मृतदेहांवर किंवा त्यांच्याजवळ डोळ्यांवर बांधायच्या किमान ४४८ पट्ट्या सापडल्या. हात बांधायला वापरलेली बंधनं, किमान ४२३. डोळ्यांवर पट्टी बांधून कोणी लढत नाही.

काहींच्या मनगटावर सेइकोची घड्याळं होती, हाताच्या हालचालीवर चालणारी, वार-तारीख दाखवणारी. हात थांबला की असं घड्याळ दीड-दोन दिवसांत बंद पडतं. मृत्यूची वेळ ठरवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात निसरडं काम. इथे बंद पडलेल्या घड्याळातली वार-तारीख जुलैतल्या त्या दिवसांशी जुळली.

मारेकऱ्यांनी पुरावा लपवायचाही प्रयत्न केला. सप्टेंबर-ऑक्टोबर १९९५ मध्ये यंत्रं लावून कबरी उपसल्या आणि मृतदेह दुसरीकडे नेऊन पुरले. पण कोझ्लुकची मूळ कबर बाटल्या भरण्याच्या कारखान्याजवळ होती, तिथल्या मातीत हिरव्या काचेचे तुकडे. तीच काच चान्चारी रस्त्यालगतच्या दुसऱ्या कबरीत निघाली. माती, काडतुसांच्या पुंगळ्या असंच बोलत गेल्या. २००१ मध्ये हेगच्या न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्ब सैन्याचे जनरल क्र्स्तिच यांच्या खटल्यात हा नरसंहारच होता असा निकाल दिला, तेव्हा हा सगळा पुरावा समोर होता.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. त्या यंत्रांनी मृतदेह तोडले होते. एकाच माणसाची हाडं दोन-तीन, क्वचित त्याहून जास्त कबरींत विखुरली. मग हाडातला डीएनए नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवायचा, एकेक हाड त्याच्या माणसाकडे न्यायचं. मुलाचं एखादंच हाड ओळखलं गेलं तर ते आत्ताच पुरायचं की उरलेली सापडेपर्यंत थांबायचं, हे आईला विचारावं लागतं. काही आया थांबतात. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत दरवर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं.