फिल्टर चालू आहे, पण चाळतोय का?

प्रश्न: वागळे इस्टेटला आमचं छोटं युनिट आहे, मेल सर्व्हर स्वतःचाच, मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या पोस्टफिक्सच्या मागे मेल तपासणीला देणारं अमाविस आणि प्रत्येक मेलला स्पॅमचे पॉइंट देणारं स्पॅमअसॅसिन लावलंय. सर्व्हिस रनिंग दाखवते तरी लोनचे मेल इनबॉक्समध्ये येतातच आणि रबाळ्याच्या एका पार्टीचं कोटेशन मात्र गायब झालं. फिल्टर खरंच काम करतोय का, हे बघायचं कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: सर्व्हिस रनिंग म्हणजे प्रोसेस मेलेली नाही, बस एवढंच. आधी बाहेरच्या अकाउंटवरून स्वतःला जीट्यूबची ओळ, म्हणजे फिल्टर तपासायला ठरवून दिलेला नकली स्पॅम, पाठवा, स्पॅमअसॅसिनबरोबर येणाऱ्या सॅम्पल-स्पॅम फाइलमध्ये ती मिळेल, मेलमध्ये जशीच्या तशी पेस्ट करायची, मध्ये स्पेस नाही की एंटर नाही. तिला सरळ १००० पॉइंट पडतात. ऑफिसच्या पीसीवरून पाठवू नका, आतल्या नेटवर्कला बऱ्याचदा सूट दिलेली असते.

मेल अडला तर जोडणी बरोबर आहे, पुढचं सगळं हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक ओळींत. रोजच्या एखाद्या मेलमध्ये एक्स-स्पॅम-स्टेटस ही स्कोअरची ओळ शोधा. नसेलच तर लगेच घाबरू नका, अमाविस मूळ सेटिंगमध्ये २ च्या खालच्या स्कोअरला ती ओळ लावतच नाही, ती मर्यादा, म्हणजे टॅग लेव्हल, -९९९ करा म्हणजे सगळ्यांना लागेल, आणि तुमचं डोमेन लोकल डोमेनच्या यादीत आहे ना तेही बघा, नसेल तरी लागत नाही.

त्या ओळीत यूआरआयबीएल-ब्लॉक्ड (लिंकांच्या ब्लॅकलिस्टने उत्तर नाकारलं) दिसलं की लोचा डीएनएसचा, ब्लॅकलिस्टला विचारणा त्यातूनच होते. रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकलाय ना? तिथून अख्खं जग विचारत असतं म्हणून ब्लॅकलिस्टवाले अशा पब्लिक रिझॉल्व्हरला फुकटात उत्तर देत नाहीत, मग तुमच्या निम्म्या टेस्ट नुसत्या नावाला. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर टाका, आणि त्यात फॉरवर्डिंग (प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणं) ठेवू नका, नाहीतर पुन्हा तेच.

दुसरी भानगड बेझियनची, म्हणजे जुन्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाची. २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ते तोंडच उघडत नाही. त्यात लोक एसए-लर्न ही शिकवायची कमांड रूट (मुख्य अ‍ॅडमिन) होऊन चालवतात आणि मेल तपासतो अमाविस नावाचा यूजर, म्हणजे शिकवणी एकाला, परीक्षेला दुसराच! अमाविस यूजरनेच एसए-लर्नचं डम्प मॅजिक चालवून शिकवलेल्या मेलचे आकडे बघा, शून्य आले तर कारण हेच.

कोटेशन बहुतेक क्वारंटाइनमध्ये (अडवलेले मेल ठेवायची जागा) पडलं असेल, डेबियन-उबुंटूवर व्हायरसमेल्स फोल्डर बघा, स्पॅमही तिथेच जातं, अमाविसडी-रिलीज या कमांडने सोडवता येतं. सध्या स्पॅम डेस्टिनी (स्पॅमचं काय करायचं ते सेटिंग) पासवर ठेवा, म्हणजे मेल पुढे जाऊ दे, आणि सीव्ह या मेल वळवणाऱ्या नियमांनी जंकमध्ये वळवा, डोळ्यासमोर तरी राहील. बाउन्स, म्हणजे मेल पाठवणाऱ्याला परत करणं, अजिबात नको, पाठवणाऱ्याचा पत्ता चोरलेला असतो, बाउन्स जातो तिसऱ्याच बिचाऱ्याला आणि ब्लॅकलिस्टमध्ये तुमचा आयपी. त्या पार्टीला व्हाइटलिस्ट करायचं, म्हणजे भरवशाच्या यादीत टाकायचं तर नुसत्या फ्रॉम पत्त्यावर करू नका, तो कोणीही टाकेल. व्हाइटलिस्ट-ऑथ वापरा, एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का ते तपासायच्या पद्धती) पास झालं तरच ते लागू होतं. स्पॅमअसॅसिन ४ असेल तर तेच सेटिंग वेलकमलिस्ट-ऑथ नावाने सापडेल.