‘कियान’चा खरा अर्थ काय? पणजोबांचं ‘धोंडिबा’ हे नाव ठेवलं तर वाईट अर्थ मुलाला लागतो का?

कियान फारसी आहे. ‘कय’ म्हणजे राजा. कयकोबाद, कयखुस्रो ही नावं त्यातलीच आणि त्यांचं घराणं ते कयानी. वेबसाइटवर दिलेला ‘देवाची कृपा’ हा अर्थ कुणीतरी मागाहून चिकटवलाय, संस्कृतात त्याला काही आधार नाही. नाव चांगलं आहे, आवडलं असेल तर ठेवा.

मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. सासरे पणजोबांचं नाव पाळण्यात तरी ठेवा म्हणतात आणि तुम्हाला त्याची लाज वाटते.

माझ्या वडिलांचं नाव दगडू. त्यांच्याआधीची आजीची तीन पोरं गेली, त्यातल्या दोघांची तर पाचवीसुद्धा पुजली नाही. चौथ्या खेपेला अण्णा झाले, तेव्हा तिनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या म्हातारीनं उचललं आणि आजीनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून आपलंच पोर विकत घेतलं. टाकलेलं पोर, कोंड्याच्या मोलाचं, नावाचाही दगड. काळानं त्याच्याकडे कशाला बघावं? केरबा, कोंडिबा, भिकाजी, उकिर्डा ही नावं अशीच आली. नाक टोचून मुलीसारखा वाढवला तो नथू. आजी शेवटपर्यंत अण्णांना ‘दगड्या’ म्हणायची आणि म्हणताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची.

दादाच्या लग्नात, १९९७ साली, त्यानं पत्रिकेत वडिलांचं नाव छापलं ‘दिनकर’. कुणाला न विचारता. पत्रिका छापून घरी आल्या तेव्हा अण्णांनी चष्मा लावून एक वाचली आणि विचारलं, “हे दिनकर कोण?” दादा म्हणाला, “पुण्याची माणसं आहेत अण्णा, समजून घ्या.” अण्णांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. रात्री जेवले नाहीत. लग्नात गुरुजींनी वरपित्याचं नाव विचारलं, तेव्हा माइक चालू होता. अण्णा म्हणाले, “दगडू.” पुण्याच्या माणसांपैकी कुणीही हसलं नाही. दादा मात्र आजही म्हणतो की अण्णांनी भर मांडवात त्याची शोभा केली.

त्यानंतर मी असली नावं शोधत बसले, दादाला दाखवायला. तुर्कीत दुर्सुन म्हणजे ‘थांबू दे’, यशार म्हणजे ‘जगतो’. नायजेरियातल्या योरुबा लोकांत पोरं जाऊन जाऊन एखादं झालं की त्याला मालोमो म्हणतात, ‘पुन्हा जाऊ नकोस’. मंगोलियात नेरगुई म्हणजे ‘नाव नाही’ आणि एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’, म्हणजे न्यायला आलेल्यानं चुकून दुसरीकडे जावं. पूर्व युरोपातले ज्यू आजारी पोराला आल्टर म्हणत, म्हणजे ‘म्हातारा’. यातल्या एकाही आईनं माझ्या आजीचं नाव ऐकलं नव्हतं, पण सगळ्या तिच्यासारखंच वागल्या. शब्दकोशात दगडूपुढे ‘दगड’ एवढंच मिळेल, आमच्या घरात त्याचा अर्थ ‘हा राहू दे’ असा आहे.

पोरं चिडवतात, हे खरं. अण्णांनाही शाळेत चिडवलं. पण अर्थ लागतो म्हणाल तर धोंडो केशव कर्व्यांना बघा. त्या नावाच्या माणसानं १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं आणि १९५८ साली त्याला भारतरत्न मिळालं.

एक मात्र मान्य करते, सगळीच असली नावं मायेची नसतात. नकुशी त्यातलं नाही. साताऱ्यात २०११ साली २८५ मुलींची ‘नकुशी’ ही नावं बदलली, ते फार चांगलं केलं. तुर्कीत मुलीला येतेर म्हणतात, ‘पुरे’. चीनमध्ये झाओदी, ‘धाकट्या भावाला बोलाव’. ही नावं त्या पोरीला राहा म्हणत नाहीत. घरात अशा नावाची कुणी असेल आणि तिला ते बदलायचं असेल, तर तिच्या आड येऊ नका.

आणि धोंडिबाचं म्हणाल तर आधी सासऱ्यांना विचारा, पणजोबा धोंड्याच्या महिन्यात जन्मले होते का. अधिक मासात झालेल्या मुलांना सर्रास हे नाव ठेवायचे. तसं असेल तर त्यात दगडाचा संबंधच नाही. आधीची पोरं गेली होती का, तेही विचारा. मग बारशाला आत्याला एक नाव पाळण्यात घेऊ द्या आणि कागदोपत्री कियान लावा. दोन नावं असण्यात आपल्याकडे नवीन काही नाही.

दादा हे वाचेल हे मला माहीत आहे. दादा, तुझ्या दारावरच्या पाटीवर तुझ्या नावापुढे नुसता ‘द.’ आहे. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. तिथे पूर्ण नाव लिही.