डेक, डीक्यू आणि दुतोंडी रांग

प्रश्न असा आला आहे: प्रोग्रॅमिंगमध्ये ‘डबल-एंडेड क्यू’चं, म्हणजे दोन्ही टोकांनी घटक आत घालता आणि बाहेर काढता येणाऱ्या रांगेचं, जे आखूड नाव वापरतात, त्याचा उच्चार ‘डेक’ करायचा की ‘डीक्यू’? आणि मराठीत शिकवताना त्याला ‘दुहेरी रांग’ म्हटलं तर चालेल का?

उच्चार डेक. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९६८ साली आलेल्या आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात हा शब्द पत्त्यांच्या ‘डेक’सारखाच म्हणायचा असं सांगून ठेवलंय, आणि जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत माहितीतही तेच आहे. ‘डीक्यू’ हा शब्दही खरा, पण तो निराळा. रांगेतून घटक बाहेर काढण्याच्या क्रियेला डीक्यू म्हणतात, ‘एनक्यू’च्या (घटक आत घालण्याच्या) उलट. रोमन स्पेलिंगात (deque आणि dequeue) दोघांमध्ये शेवटच्या दोन अक्षरांचाच फरक असल्यामुळे घोळ होतो. देवनागरीत तो व्हायचं कारणच नाही: वस्तू ती डेक, क्रिया ती डीक्यू.

आता ‘दुहेरी रांग’. हे मात्र नको. दुहेरी रांग म्हटलं की शेजारी-शेजारी उभ्या दोन रांगा डोळ्यांपुढे येतात. ‘दुतर्फा’ही तसंच, त्यात रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं दिसतात. इथे रांग एकच आहे, दोन आहेत ती तिची टोकं, आणि दोन्हीकडून आत शिरता येतं, दोन्हीकडून बाहेर पडता येतं. मला ‘दुतोंडी रांग’ आवडतं. माणसाला दुतोंडी म्हणणं ही शिवी आहे हे खरं, पण मांडुळाला आपण दुतोंडी म्हणतोच की. उलट बिचाऱ्या मांडुळाला तोंड एकच, दुसरीकडे नुसतं बोथट शेपूट. डेकला मात्र दोन्ही तोंडं खरीखुरी असतात. ‘द्विमुखी’ चुकीचं नाही, पण पाठ्यपुस्तकाबाहेर ते कुणी बोलेल असं वाटत नाही.

दोन तोंडं कशाला लागतात हे दाखवल्याशिवाय कुठलंही नाव रुजत नाही, म्हणून एक उदाहरण. आकडे येताहेत ५, ३, ४, १ आणि दर वेळी शेवटच्या तिघांतला सर्वांत मोठा आकडा हवाय. ५ आला, डेकमध्ये गेला. ३ आला, त्याच्या उजवीकडे उभा राहिला. मग ४ आला. आता ३ कधीच सर्वांत मोठा ठरणार नाही, कारण ४ त्याच्याहून मोठा आहे आणि त्याच्यानंतरही टिकणार आहे. म्हणून ३ला उजवीकडून काढलं आणि ४ला तिथे घेतलं. डेकमध्ये उरले ५ आणि ४. डावीकडचा ५ हे उत्तर. पुढे १ आला. शेवटचे तीन आता ३, ४, १, म्हणजे ५ची मुदत संपली; त्याला डावीकडून काढलं. राहिले ४ आणि १, उत्तर ४. प्रत्येक आकडा एकदाच आत येतो आणि फार तर एकदाच बाहेर जातो, त्यामुळे आकडे लाखभर असले तरी काम झटपट उरकतं. गंमत म्हणजे यात डावीकडून आत कुणीच आलं नाही. प्रवेश एकाच टोकाला आणि निकास दोन्हीकडे, अशा डेकला कनूथ यांनी वेगळं नावही दिलंय. मराठीत ‘एका दाराने आत, दोन दारांनी बाहेर’ एवढं सांगितलं तरी पुरे.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत साध्या लिस्टच्या (यादीच्या) सुरुवातीचा घटक काढला की मागचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात. म्हणून २००४च्या पायथन २.४मध्ये डेक वेगळा दिला गेला. त्याची दोन्ही टोकं स्वस्त आहेत, म्हणजे तिथलं काम झटपट होतं; मधला घटक गाठणं मात्र महाग, म्हणजे वेळखाऊ. सी++ या भाषेच्या डेकमध्ये मधला घटकही क्रमांकावरून लगेच मिळतो, पण मध्येच नवा घुसवणं तिथेही महागच.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण शिकवताना अडचण होते ती ‘पुढे’ या शब्दाची. ‘रांगेत माझ्या पुढे’ म्हणजे माझ्या आधी. ‘यादीत याच्या पुढे लिही’ म्हणजे याच्यानंतर. ‘घटक पुढे घाल’ म्हटल्यावर वर्गातली निम्मी मुलं एका टोकाला जातात, निम्मी दुसऱ्या. त्यात ‘पुश’ (घटक आत घालणं) हा शब्द आणखी भर घालतो. जावाच्या डेकमध्ये नुसतं पुश म्हटलं तर घटक सुरुवातीला जातो, आणि सी++मध्ये कुठल्या टोकाला ते नावातच सांगावं लागतं. पायथनने सरळ ‘लेफ्ट’ शब्द घेतलाय. आपणही डावीकडून-उजवीकडून म्हणावं. मराठीही डावीकडून उजवीकडेच लिहितात, त्यामुळे फळ्यावर काढलेल्या चित्राशी ते बरोबर जुळतं.

लिंगाचं म्हणाल तर बोलताना ‘स्टॅक भरला’, ‘क्यू लागला’ असंच येतं, तेव्हा ‘डेक रिकामा झाला’. दुतोंडी रांग म्हणणार असाल तर अर्थातच ‘रिकामी झाली’.