चार कोरे महिने

कोल्हापूर

प्रिय मुली,

परवा रंकाळ्यावर तू म्हणालीस, "मावशी, तो निघून गेला तिथंच मी दुसरा भाग सोडला. शेवटची पानं बघून घेतली, येतोय तो परत. आता तिसरा द्या." तुझ्या मैत्रिणी ताटकळल्या होत्या, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. घरी येऊन 'ट्वायलाइट' मालिकेतला तो दुसरा भाग, 'न्यू मून', उघडला, तर तू कोपरा दुमडला होतास नेमका ऑक्टोबरच्या पानावर.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. एकेका पानावर एकेका महिन्याचं नाव, बाकी सगळं कोरं. सगळी गोष्ट बेलाच्या तोंडून चाललेली. तिचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड तिला सोडून गेल्यावर तिनंच तोंड मिटलं, म्हणून पुस्तकही मुकं झालं. 2006 साली आलेल्या 'न्यू मून'मधली स्टेफनी मायरची ही सगळ्यांत धीट जागा आहे, असं मला मनापासून वाटतं. तिथं वाचायला काही नव्हतंच, असं तू म्हणशील. माझे बाबा गेले त्या वर्षी श्रावण कधी आला, घरात गौरी कुणी आणल्या, हे मला आजही सांगता येत नाही गं. ती चार पानं पहिल्यांदा बघितली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

पहिल्या भागात 'हा माणूस नाही' हे कळण्याचा थरार असतो. तो एकदाच मिळतो. दुसऱ्या भागात लेखिकेला वेगळं काही शोधावं लागतं, आणि तिनं शोधलं ते बेलाच्या मित्राचं, जेकबचं गॅरेज. बेला भंगारात निघालेल्या दोन मोटारसायकली त्याच्याकडे घेऊन जाते. तो त्या खोलतो, दुरुस्त करतो, ती शेजारी बसून राहते. प्रेमाची भाषणं नाहीत, आणि तरी तिला हळूहळू भूक लागायला लागते, हसू यायला लागतं. तुझ्या बाबांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. उघडं इंजिन आणि शेजारी मुकाट बसलेलं माणूस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. ही प्रकरणं सावकाश वाच.

आणखी एक. पुस्तक सुरू होतं बेलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या स्वप्नानं. समोर आजी दिसते, आणि ती आजी म्हणजे आरशातली आपणच, म्हातारी झालेली, हे तिच्या लक्षात येतं. एडवर्ड मात्र कायम सतरा वर्षांचा. मला लगेच खांडेकरांची 'ययाती' आठवली. म्हातारपणाच्या भीतीनं पोटच्या मुलाचं तारुण्य मागणाऱ्या राजाची गोष्ट आपल्याच कोल्हापुरात राहणाऱ्या माणसानं 1959 साली वाचकांच्या हाती दिली. हे झालं की ती घे. तारुण्य मागणारा तिथं पुरुष आहे, इथं मुलगी. दोन्ही वाचून झाल्यावर मला तुझ्याशी खूप बोलायचंय.

एका गोष्टीवर मात्र मी बेलाच्या बाजूची नाही. जीव धोक्यात घातला की तिला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती मोटारसायकल बेफाम पळवते, कड्यावरून समुद्रात उडी टाकते. लेखिकेनं ते सुंदर लिहिलंय, म्हणूनच मला काळजी वाटते. ते दुःख आहे, आजारासारखं दुःख. त्याला प्रेम म्हणू नकोस. आणि कधी तुझ्याच मनात तसलं काही आलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, मला फोन कर. मी उचलीन.

तिसरा भाग माझ्या कपाटात आहे. दुमडलेला कोपरा मी तसाच ठेवलाय. रविवारी दुपारी ये, ऑक्टोबरपासून माझ्यासमोर बसून वाच. मी चहा टाकते.

तुझी,
मावशी