काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर सुरक्षितपणे बाहेर कसा काढावा?
ट्रॅक्टर रुतला की चालक बहुधा आधी रेस वाढवतो. चाके जागीच फिरतात, टायरच्या खाचांत चिकट माती भरते आणि मागचा धुरा चिखलावर टेकला, की ट्रॅक्टर स्वतःच्या बळावर निघणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून लगेच थांबून ट्रॉली किंवा अवजार सोडवावे, चाकांजवळची माती फावड्याने उतरती कापावी आणि तेथे पाचट, तुराट्या किंवा मुरूम टाकावा. एकच चाक फिरत असल्यास डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी कळ) लावून, स्टिअरिंग सरळ ठेवून, शक्यतो रिव्हर्समध्ये आल्या वाटेनेच सावकाश निघावे.

मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधण्याची युक्ती सर्रास वापरली जाते, परंतु मी ती कधीच सुचवणार नाही: लाकूड अडून चाक फिरेनासे झाले, की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो आणि तो मागे चालकावर उलटतो, तेव्हा उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढपट्टीलाच) अडकवावी, टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या जागी नव्हे, कारण ओढ धुऱ्याच्या वरून बसली तर तोही तसाच उलटू शकतो. झटके देऊ नयेत. साखळी तुटून उसळते, त्यामुळे बांधावर हमखास जमणाऱ्या बघ्यांना आधी दूर करावे.